माघ-फाल्गुनात देवरूख

फेब्रुवारीत जपानी माणूस ओनसेनला, म्हणजे गरम पाण्याच्या झऱ्यांवर जातो. देवरूखकराला तीच सोय तालुक्यातच आहे. मुंबई-गोवा महामार्गालगत तुरळ, राजवाडी आणि आरवलीला गरम पाण्याची कुंडं आहेत. सकाळी लवकर जावं. उन्हं चढली की त्या पाण्याची निम्मी मजा संपते.

मार्लेश्वरची गर्दी मकरसंक्रांतीला, साखरप्याच्या गिरिजादेवीशी देवाचा विवाह लागतो तेव्हा. त्यानंतर गुहेतलं दर्शन निवांत होतं. धारेश्वर धबधबा मात्र बारीक झालेला असतो, त्यासाठी पावसाळ्यातच यावं.

कसबा संगमेश्वरला कर्णेश्वराचं कोरीव दगडी मंदिर घाई न करता बघावं. संभाजी महाराज पकडले गेले ते याच कसब्यात, 1689च्या फेब्रुवारीत. दुपारच्या उन्हात देवरूखचं लक्ष्मीबाई पित्रे कलासंग्रहालय बरं.

फाल्गुनात शिमगा. ग्रामदेवतेची पालखी घरोघर येते आणि मुंबईचे चाकरमानी गावी परततात, त्यामुळे कोकण रेल्वेच्या संगमेश्वर रोड स्थानकाचं तिकीट वेळेत काढा. पालखीच्या तारखा गावोगावी वेगळ्या असतात, त्या गावातच विचाराव्यात.