शिंपल्याचा डिंक आणि कपिकच्छूतील डोपा

शंख, शुक्ती, प्रवाळ, कपर्दिका ही सागरी द्रव्ये आपल्या औषधशाळांत नित्याची आहेत. त्यामुळे एखाद्या समुद्रजीवावर आधुनिक संशोधन झाले की ‘हे आपल्याकडे होतेच’ असे म्हणण्याचा मोह होतो. एका शिंपल्याच्या निमित्ताने या मोहाची चिकित्सा करणे आम्हांस अगत्याचे वाटते.

मायटिलस गॅलोप्रोव्हिन्शियालिस हा मूळचा भूमध्य समुद्रातील, निळसर-काळ्या कवचाचा शिंपला. जहाजवाहतुकीबरोबर तो दूरदूर पसरला. १९७० च्या दशकात दक्षिण आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर आढळल्यानंतर त्याने तेथील मूळ शिंपल्यांस खडकांवरून मागे हटविले. जगातील शंभर अतिउपद्रवी आगंतुक जातींत त्याची गणना होते.

लाटांच्या माऱ्यातही तो खडक सोडत नाही, कारण त्याच्या पायातून स्रवणारे चिवट धागे. १९८१ साली याच कुळातील दुसऱ्या जातीच्या चिकट प्रथिनात ‘डोपा’ हे द्रव्य आढळले. ओल्या पृष्ठभागावरही पकड घेण्याचे सामर्थ्य मुख्यतः त्याचेच. रक्ताने ओली जखम टाक्यांवाचून सांधणारा डिंक करण्याची आशा यातूनच निर्माण झाली. मात्र थोड्याशा प्रथिनासाठी हजारो शिंपले लागतात. म्हणून दक्षिण कोरियातील संशोधकांनी २००४ मध्ये या जातीचे एक प्रथिन जिवाणूंकडून तयार करवून घेतले.

डोपा हे नाव आपणांस परिचित आहे. कपिकच्छूच्या बीजांतून दामोदरन व रामस्वामी यांनी १९३७ मध्ये तेच वेगळे केले होते. कंपवातात त्याचा उपयोग सर्वश्रुत आहे. तथापि द्रव्य एक असले तरी कार्य एक नव्हे. बीजातील डोपा मोकळा असतो; तो शोषला जाऊन मेंदूत त्याचे डोपामीन बनते. शिंपल्यातील डोपा प्रथिनाच्या साखळीत गुंफलेला असून त्याचे काम चिकटविण्याचे आहे.

यावरून औषधनिर्मात्यांनी दोन गोष्टी ध्यानी घ्याव्यात. शिंपल्याचे कवच मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटचे. मारणानंतर भस्मात डोपा उरणे संभवत नाही. तेव्हा शुक्तिभस्माच्या वेष्टनावर असा दावा छापणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. दुसरे, शिंपले पाणी गाळून अन्न घेतात व त्यातील जड धातू शरीरात साठवितात. बंदरालगतच्या शिंपल्यांच्या मांसाचे चूर्ण तपासणीवाचून रुग्णास देणे धोक्याचे आहे.

नव्या संशोधनाचे स्वागत आम्ही करतोच. परंतु नामसाम्यावरून गुणसाम्य मानणे आपल्या द्रव्यगुणशास्त्रासही मान्य नाही.