थोड्या भांडवलाचा चित्रपट

श्रोतेहो, आमचा समुद्रपूर तालुका जेथें संपतो तेथून चंद्रपूर जिल्हा लागतो. पऱ्हाटीचीं वावरें आणि बोलण्याची धाटणी दोहोंकडे बरीचशी सारखीच. त्या जिल्ह्यांतील डोंगरगांव या खेड्यांत जयंत दिगंबर सोमलकर या दिग्दर्शकानें ‘स्थळ’ नांवाचा चित्रपट घेतला. २०२३ सालीं कॅनडांतील टोरोंटो महोत्सवांत त्यास नेटपॅक पारितोषिक मिळालें. नामांकित नट नाहींत, भव्य देखावे नाहींत. मग हें साधलें कसें?

चित्रपटाचा पैसा मुख्यत्वें तीन ठिकाणीं जातो: नटांचें वेतन, देखाव्यांची उभारणी आणि चित्रीकरणाचे दिवस. यांतील तिसरी बाब फसवी. एक दिवस वाढला कीं यंत्रांचें भाडें, माणसांचा रोज, जेवणखाण, मुक्काम, सारेंच वाढतें. म्हणून थोड्या भांडवलाच्या निर्मात्यानें संहिता व तालमी आधींच पक्क्या कराव्या, खरें घर आणि दिवसाचा उजेड वापरावा. पूर्वीं कच्च्या फिल्मचा प्रत्येक फूट पैसे खाई. डिजिटल कॅमेऱ्यानें तो खर्च वांचविला. काटकसर करूं नये ती ध्वनीमध्यें. अंधुक चित्र प्रेक्षक चालवून घेतो, न कळलेलें वाक्य नाहीं.

परंतु केवळ काटकसरीनें कलाकृति होत नाहीं. ‘स्थळ’मधील सविता ही कापूस पिकविणाऱ्या शेतकऱ्याची शिकणारी मुलगी. पाहुणे येतात, नांव, उंची, शिक्षण विचारतात आणि जातात. पुन्हां दुसरे येतात. तोच तो प्रसंग हाच कथेचा गाभा असल्यानें नवे देखावे लागतच नाहींत. आरंभींच्या स्वप्नांत मात्र मुलगा समोर बसला आहे आणि प्रश्न बायका विचारीत आहेत! सविता झालेली नंदिनी चिकटे व इतर माणसें त्याच भागांतलीं, कॅमेऱ्यास नवखीं. त्यांची बोली व बसण्याउठण्याची रीत मुंबईहून पैसे देऊन आणतां आली नसती.

हा मार्ग आपल्याकडे जुनाच आहे. दादासाहेब फाळके यांनीं वाटाण्याचा वेल वाढतांनाचें लहानसें चित्र घेऊन भांडवल मिळविलें, विम्याची पॉलिसी गहाण ठेवली, आणि सरस्वतीबाईंनीं फिल्मला छिद्रें पाडण्यापासून ती धुण्यापर्यंत हात लावला. ३ मे १९१३ रोजीं मुंबईच्या कोरोनेशन चित्रगृहांत ‘राजा हरिश्चंद्र’ लागला.

चित्रपट पुरा झाला तरी खरी कसोटी पुढेंच असते. टोरोंटोनंतर ‘स्थळ’ आपल्याकडील चित्रगृहांत येण्यास ७ मार्च २०२५ उजाडला; जवळजवळ दीड वर्ष गेलें. चित्रगृहवाला पहिल्या दोनतीन दिवसांची तिकीटविक्री पाहतो. जाहिरातीस पैसा नसलेल्या चित्राला अडनिड्या वेळेचा खेळ मिळतो, आणि लोकांच्या कानीं नांव पडेपर्यंत तें उतरलेलेंही असतें.

तेव्हां श्रोतेहो, असें चित्र लागल्याचें कळतांच पहिल्याच आठवड्यांत सहकुटुंब जावें. मुलगी दाखविण्याचे कार्यक्रम शहरांतल्या दिवाणखान्यांतही होतातच. तेथें चहाचा पेला हातीं घेऊन आपण कोणते प्रश्न विचारतों, हें पडद्यावर पाहण्याची संधि अशीं चित्रें देतात. प्रेक्षकच नसतील, तर पुढचा तरुण आपल्या गांवाची गोष्ट सांगण्यासाठीं कोणाच्या बळावर कर्ज काढील?