चीर मिटते, जुळत नाही

कटिंग मॅटवर कटर फिरवा, कागद उचला आणि चीर शोधा. बारीक रेघेपलीकडे सहसा काही दिसत नाही. दुकानात ही मॅट ‘सेल्फ हीलिंग’ म्हणून विकली जाते. पण आत काहीच भरून येत नसते.

बहुतेक मॅट पीव्हीसीच्या थरांच्या असतात: वर-खाली मऊ, मध्ये कडक. धारदार पाते मऊ थर खरवडत नाही, फक्त बाजूला सारते. पाते पुढे सरकले की दाबलेल्या कडा परत एकमेकींना भिडतात. मधला थर पात्याला आरपार जाऊ देत नाही. ड्रॉइंग बोर्डावर चढवायच्या व्हिनाइलच्या आवरणाचेही असेच. उघड्या लाकडात कंपासचे टोक रुतले की खड्डा राहतो आणि पुढच्या शीटवर पेन्सिल तिथेच अडखळते. व्हिनाइलमधले भोक मात्र बऱ्याच अंशी मिटते.

खरोखर जुळून येणारे पदार्थ वेगळे. 2001 मध्ये इलिनॉय विद्यापीठातील स्कॉट व्हाइट आणि सहकाऱ्यांनी एपॉक्सीत द्रवाने भरलेल्या सूक्ष्म कुप्या मिसळल्या. भेग पडली की कुपी फुटते, द्रव भेगेत ओढला जातो आणि तिथल्या उत्प्रेरकाशी गाठ पडताच घट्ट होतो. अडचण एकच: फुटलेली कुपी पुन्हा भरत नाही. 2008 मध्ये पॅरिसच्या लुडविक लाइब्लर यांच्या गटाने असे रबर केले, की कापलेली टोके खोलीच्या तापमानाला एकमेकांवर धरली तरी हायड्रोजन बंधांनी सांधतात.

मॅटमध्ये ना कुपी, ना असा बंध. तिची सारी भिस्त लवचिकतेवर. म्हणून वापरही तसाच हवा. पाते धारदार आणि उभे धरा. तिरके धरले तर सालपट निघते आणि निघालेले सालपट परत येत नाही. बोथट पात्याला जोर लावावा लागतो, चीर खोल जाते. कापडाचे-कागदाचे तंतू चिरेत अडकले की कडा भिडत नाहीत. ते कोमट साबणपाण्याने, मऊ ब्रशने काढा. गरम इस्त्री, चहाचा कप, उन्हातली गाडी यांपासून मॅट लांब आणि सपाट ठेवा, नाहीतर ती वाकते. एकाच रेषेवर रोज कापू नका. पट्टी लावूनही पाते जुन्या चिरेकडे ओढले जाऊ लागले, की मॅट उलटा. दुसरी बाजूही तशीच झाली असेल, तर नवी आणा.