छातीवरचा अँटेना

रेडिओच्या अँटेनाजवळ हात नेला, की कधीकधी खरखर वाढते. हृदयाचे ठोके बिनतारी संदेशाने कळवणाऱ्या, छातीवर चिकटवायच्या उपकरणांचीही हीच अडचण असते. असे का व्हावे? यांतील अनेक उपकरणे २.४ गिगाहर्ट्झ कंप्रतेच्या लहरी वापरतात. लहरीची लांबी सुमारे १२.५ सेंटिमीटर; म्हणून पाव लांबीचा अँटेना ३ सेंटिमीटरच्या आसपास. क्षारयुक्त पाण्याने भरलेले शरीर या लहरी शोषून घेते. शिवाय अँटेना ज्या कंप्रतेशी जुळलेला असतो, ती शरीराच्या सान्निध्यात खाली घसरते. यावर उपाय? अँटेना त्वचेपासून काही मिलिमीटर दूर ठेवायचा, मध्ये धातूचा पातळ पत्रा घालायचा आणि जुळणी टेबलावर न करता शरीरावर ठेवूनच करायची. संदेशच क्षीण झाला, तर हृदयाची तक्रार डॉक्टरांपर्यंत पोहोचणार कशी?