वसईच्या घंटा

वसईच्या किल्ल्यात सेंट जोसेफ चर्चचा मनोरा अजून उभा आहे. छप्पर केव्हाच गेले, आतल्या जमिनीवर गवत माजते, पण दर्शनी कमान आणि मनोरा टिकून आहेत. हे वसईचे मुख्य चर्च, सगळ्या गावाच्या धर्मग्रामाचे. १६०१ साली आर्चबिशप मेनेझिस यांच्या काळात ते नव्याने उभारले गेले, असे तिथल्या शिलालेखात कोरले आहे. मनोऱ्यात घंटा मात्र नाही.

वसईच्या घंटा पाहायच्या तर घाट चढून यावे लागते.

१५३४ मध्ये गुजरातच्या बहादूरशहाने वसई पोर्तुगिजांना दिली आणि दोनशे वर्षांत किल्ल्याच्या तटाआड चर्च आणि मठ उभे राहिले. जपानमध्ये नागासाकीला १५९७ साली क्रुसावर चढवले गेलेले आणि १८६२ मध्ये संतपद मिळालेले गोन्सालो गार्सिया याच वसईचे. मे १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी सुरुंग लावून बुरूज फोडला आणि किल्ला घेतला. विजयाची खूण म्हणून मराठ्यांनी चर्चच्या घंटा उतरवून बरोबर नेल्या.

वाईजवळ मेणवलीला कृष्णेच्या घाटावर यातली एक टांगलेली आहे. तिच्यापुढे मी नेहमी रेंगाळतो. वजन साडेसहाशे किलोच्या आसपास सांगतात. अंगावर १७०७ हे साल आहे आणि बाळ येशूला कडेवर घेतलेल्या मरियेचे उठावाचे चित्र. शेजारी मेणेश्वराचे देऊळ, खाली नदी. नाशिकला पंचवटीत नारोशंकराच्या देवळाच्या कमानीत दुसरी आहे. हे देऊळ १७४७ चे, घंटा त्याहून जुनी, तिच्यावर १७२१ कोरलेले. नाशिककर तिला नारोशंकराची घंटा म्हणूनच ओळखतात. भीमाशंकरच्या घंटेचीही अशीच ख्याती आहे.

लूट ती लूटच, ती गोड शब्दांत झाकण्यात अर्थ नाही. वसईच्या भाविकांचे त्या दिवशी काय झाले असेल, याची कल्पना करवत नाही. गावात पहाट, दुपार आणि सांज चर्चच्या घंटेने ठरायची. शेतावरचा माणूस टोल ऐकून हातातले काम थांबवून प्रार्थना म्हणायचा, आणि कोणी वारले की त्याची खबरही तीच द्यायची. तरीही एक गोष्ट मला मोलाची वाटते. घंटेचा धातू म्हणजे तांबे आणि कथील, तोफेलाही हाच लागतो. युद्धाच्या धामधुमीत घंटा भट्टीत घालणे सोपे होते. या घंटा मात्र वितळवल्या गेल्या नाहीत. त्या देवाच्या दारी बांधल्या गेल्या, आणि मरियेचे चित्र कोणी घासून काढले नाही. पावणेतीनशेहून अधिक वर्षे हिंदू भाविकांचे हात त्यांना लागत आले आहेत.

इकडे वसईतली वस्ती चर्च सोडून गेली नाही. पोर्तुगीज गेले, पण सामवेदी म्हणजेच कुपारी आणि कोळी ख्रिस्ती आपापल्या गावांत राहिले आणि त्यांची भक्ती हळूहळू मराठीत रुजली. चर्चचा एवढा जुना वारसा असलेल्या वसईला स्वतंत्र धर्मप्रांत मिळायला १९९८ उजाडले. त्याच वसईतून ‘सुवार्ता’ मासिक निघते. त्याचे संपादक राहिलेले फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० च्या उस्मानाबाद साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले.

या घंटांवरची अक्षरे हाच वसईच्या हरवलेल्या चर्चचा उरलेला दफ्तरखाना आहे. तेलाचे, रंगाचे थर चढत गेले तर ती बुजतील. देवस्थानांच्या विश्वस्तांना विनंती आहे की घंटांना ऑइलपेंट लावू नका. लेखांचे ठसे आणि छायाचित्रे काढून घ्या आणि शेजारी दोन ओळींची पाटी लावा. आणि वाचकहो, मेणवलीला किंवा पंचवटीला गेलात तर ते साल आणि ती अक्षरे जरूर वाचा.