ओतीव शिशाची गोळी

ओतीव शिशाची गोळी ही वितळलेले शिसे साच्यात ओतून केलेली बंदुकीची गोळी होय. शिसे सुमारे ३२७° से. तापमानास वितळते. रायफलच्या नळीतील सर्पिल खाचांमुळे गोळी स्वतःभोवती फिरते व तिची दिशा स्थिर राहते. गोळी नळीपेक्षा बारीक असल्यास तप्त वायू कडेने निसटतात, शिसे नळीला चिकटते आणि अचूकता घटते. म्हणून गोळीचा व्यास नेमका राखतात. भाजून बसवलेल्या पावडर कोटिंगमुळे शिशाचा नळीशी थेट संपर्क टळतो. लष्करी गोळ्यांत हेच काम धातूचे आवरण करते. महाराष्ट्रात खडकी येथील दारूगोळा कारखान्यात (स्थापना १८६९) लहान शस्त्रांचा दारूगोळा तयार होतो. भारतात शस्त्र अधिनियम, १९५९ नुसार परवान्याविना दारूगोळा बनवणे हा गुन्हा आहे. शिशाची धूळ व धूर विषारी असून मुलांच्या मेंदूस विशेष अपायकारक असतात.