अडुळसा, खोकल्याची गोळी आणि कंपवात

रेणापुरातल्या मेडिकलवर खोकल्याचं औषध मागा आणि बाटलीवरची बारीक अक्षरं वाचा. बऱ्याच बाटल्यांवर अ‍ॅम्ब्रोक्सॉल हे नाव सापडेल. कफ पातळ करणारं हे जुनं आणि स्वस्त औषध आहे. कंपवाताची, म्हणजे पार्किन्सन्सची, वाढ ते मंदावू शकेल का, याची तिसऱ्या टप्प्यातली चाचणी ब्रिटनमध्ये चालू आहे. या औषधाचं मूळ शोधत गेलं तर आपण कुंपणातल्या अडुळशापाशी येतो.

अडुळशाचा पाला इतका कडू, की शेळीसुद्धा त्याला तोंड लावत नाही. म्हणूनच तो कुंपणाला लावतात आणि खोकला झाला की पानांचा रस मधातून देतात. 1888 मध्ये डेव्हिड हूपर यांनी या पानांतून वासिसीन हे द्रव्य वेगळं केलं. त्याच्या रचनेवरून जर्मनीत ब्रोमहेक्झिन घडवलं गेलं आणि 1963 मध्ये ते बाजारात आलं. मग लक्षात आलं की पोटात गेलेल्या ब्रोमहेक्झिनमध्ये शरीर स्वतःच फेरफार करतं. त्यातला एक मिथिल गट निघतो, एक हायड्रॉक्सिल गट जोडला जातो आणि अ‍ॅम्ब्रोक्सॉल तयार होतं. पुढे तेच वेगळं औषध म्हणून विकलं जाऊ लागलं. मात्र अडुळशाचा काढा म्हणजे अ‍ॅम्ब्रोक्सॉल नव्हे. अ‍ॅम्ब्रोक्सॉलच्या रेणूत ब्रोमिनचे दोन अणू असतात, वासिसीनमध्ये एकही नसतो.

खोकल्याचा आणि मेंदूचा संबंध जुळला तो गोशे या दुर्मीळ आनुवंशिक आजारामुळे. त्यात जीबीए-1 या जनुकाच्या दोन्ही प्रती बिघडलेल्या असतात आणि पेशीतला कचरा पचवणारं जीकेस हे विकर नीट घडत नाही. एकच प्रत बिघडलेल्या माणसाला गोशे होत नाही, पण पार्किन्सन्सचा धोका मात्र कितीतरी वाढतो. 2009 मध्ये जगभरातल्या केंद्रांची माहिती एकत्र केल्यावर हे पक्कं झालं. त्याच वर्षी टोरांटोच्या संशोधकांनी आधीच मान्यता मिळालेली 1,040 औषधं या विकरावर तपासली, आणि त्यांतून अ‍ॅम्ब्रोक्सॉल पुढे आलं. स्लॅब भरताना सेंट्रिंग जे काम करतं, तेच हा रेणू इथे करतो. विकर घडत असताना तो त्याला आकारात धरून ठेवतो. विकर पेशीच्या आम्लधर्मी कचराघरात पोचलं की पकड सुटते आणि ते कामाला लागतं. हे वाचताना मला रसायनशास्त्राबद्दल खरोखर आदर वाटतो.

हे सगळं महत्त्वाचं का, तर आज मिळणाऱ्या गोळ्या आजार थांबवत नाहीत. लेव्होडोपा मेंदूतल्या डोपामिनची उणीव भरून काढतं. हात सैल होतो, पाऊल उचलतं. पण डोपामिन तयार करणाऱ्या पेशी मरतच राहतात.

2020 मध्ये लंडनच्या अँथनी शापिरा यांच्या गटाने 17 रुग्णांवरच्या अ‍ॅम्ब्रोक्सॉलच्या प्रयोगाचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. औषध मेंदूभोवतीच्या द्रवात पोचलं होतं आणि विकराचं प्रमाणही वाढलं होतं. मात्र तुलनेसाठी खोटी गोळी घेणारा गट त्यात नव्हता. 2025 मध्ये कॅनडातून पार्किन्सन्ससोबत स्मृतिभ्रंश असलेल्या 55 रुग्णांवरचा वर्षभराचा अभ्यास आला. औषध सुरक्षित ठरलं, पण बुद्धीच्या मुख्य कसोटीवर फरक दिसला नाही. ब्रिटनमधल्या चाचणीत 330 रुग्ण आणि दोन वर्षांचा कालावधी ठरला आहे.

दुसरी वाट मुंबईहून निघाली होती. रक्ताच्या कर्करोगावरच्या इमॅटिनिबच्या घराण्यातली औषधं एबीएल नावाचं विकर रोखतात. पार्किन्सन्सच्या मेंदूत हेच विकर अति काम करताना दिसतं. या घराण्यातलं निलोटिनिब अमेरिकेत 76 रुग्णांना देऊन पाहिलं, तर ते मेंदूपर्यंत जवळजवळ पोचतच नव्हतं. सन फार्मा समूहातल्या मुंबईच्या स्पार्क या संशोधन कंपनीने त्याच प्रकारचं व्होडोबॅटिनिब घडवलं आणि सुरुवातीच्या अवस्थेतल्या सुमारे 500 रुग्णांवर 40 आठवडे तपासलं. मार्च 2024 मध्ये कंपनीने जाहीर केलं की फायदा दिसला नाही. मी याला वाया गेलेले कष्ट म्हणणार नाही. एवढी मोठी चाचणी एका भारतीय कंपनीने उभी केली आणि नकारार्थी उत्तर लपवलं नाही.

आता ज्यांच्या घरी कंपवाताचा माणूस आहे, त्यांच्याशी थोडं स्पष्ट बोलतो. हे वाचून खोकल्याची बाटली तोंडाला लावू नका. लंडनच्या प्रयोगातली मात्रा दिवसाला 1,260 मिलिग्रॅमपर्यंत होती, म्हणजे 30 मिलिग्रॅमच्या 42 गोळ्या, आणि तीही डॉक्टरांच्या देखरेखीखाली. शिवाय आपल्याकडच्या सिरपमध्ये अ‍ॅम्ब्रोक्सॉलबरोबर अनेकदा साल्ब्युटामॉल किंवा टर्ब्युटालिन असतं, आणि त्यानेच हाताचा कंप वाढू शकतो. चालू असलेलं लेव्होडोपा तर स्वतःहून कधीच बंद करू नका. ते अचानक तोडलं तर जिवावर बेतू शकतं.

लातूर आणि अंबाजोगाई इथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं आहेत. जीबीए-1 ची तपासणी आणि अशा चाचण्यांची केंद्रं तिथे यावीत, ही मागणी मराठवाड्याने आत्ताच करायला हवी. जनुक पाहून द्यायचं औषध उद्या सिद्ध झालं, तर ते कुणाला द्यायचं हे त्या तपासणीशिवाय डॉक्टरांना कळणार नाही.